‘यू’ म्हणजे ‘तू’ नव्हे

इंग्रजीत ‘तू’ नाही आणि ‘तुम्ही’ही नाही; राजालाही ‘यू’ आणि रस्ता झाडणाऱ्यालाही ‘यू’, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. जयंतीच्या सभांमधून आम्ही हे वाक्य निदान पन्नास वेळा ऐकले असेल. वक्ता हे बोलला की टाळी पडते, आणि ती पडावी हेही साहजिक आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे नाव गावाने कधी सरळ घेतले नाही, धोंडिबाचा धोंड्या केला आणि सखूबाईची सखी केली, त्यांना सर्वांसाठी एकच सर्वनाम ठेवणारी भाषा म्हणजे समतेची भाषा वाटणारच. परंतु या टाळीच्या भरात आपल्या मुलांचे एक नुकसान होत आहे. इंग्रजीत मान देण्या-घेण्याची भानगडच नाही, असे समजून ती बोलायला-लिहायला लागतात आणि समोरच्याला ते उद्धटपणाचे वाटते. ज्यांना हा धोका कळतो ती मुले उलट टोकाला जातात. कोठल्या तरी जुन्या पुस्तकातल्या अर्जाची वाक्ये जशीच्या तशी उतरवतात आणि ती इतकी लाचार असतात की वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखे व्हावे.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गच्या अलीकडे आमचे अणदूर आहे. येथली आपली मुले शिकून पुणे, सोलापूर, हैदराबाद येथे जातात. कोणी कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी दुकानाच्या काउंटरवर, कोणी फोनवर ग्राहकांची उत्तरे देण्याच्या नोकरीत. यांना इंग्रजीत कादंबरी लिहायची नसते. दिवसाकाठी पंचवीस-तीस वाक्ये बोलायची असतात आणि महिन्याकाठी एखादा अर्ज करायचा असतो. तेवढ्यासाठी आम्ही काही कार्यकर्ते रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारातच मुलांना घेऊन बसतो. आम्ही काही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. पण इतकी वर्षे कारकुनी केल्यावर कोणता कागद टेबलावर पुढे सरकतो आणि कोणता तळाशी जातो, एवढे कळू लागते.

आधी त्या ‘यू’चे बघू. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखेच दोन शब्द होते. ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. धनी नोकराला ‘दाऊ’ म्हणे, नोकराने धन्याला ‘यू’ म्हणायचे. शेक्सपिअरच्या नाटकांत हे दोन्ही शब्द सापडतात. सतराव्या शतकात तेथे क्वेकर नावाचा एक पंथ निघाला. जॉर्ज फॉक्स हा त्यांचा पुढारी. माणसे सर्व सारखी, मग एकाला ‘दाऊ’ आणि दुसऱ्याला ‘यू’ का, असा त्यांचा प्रश्न होता. ते न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणू लागले आणि मोठ्या माणसासमोर डोक्यावरची टोपी काढेनात. त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला, तुरुंगही भोगला. एका सर्वनामासाठी माणसे तुरुंगात गेली, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी की पुढे झाले ते क्वेकरांच्या उलटे. सगळे ‘दाऊ’वर आले नाहीत, सगळे ‘यू’वर गेले. ‘दाऊ’ हा शब्द रोजच्या बोलण्यातून मावळला. काही खेड्यांत आणि ख्रिस्ती प्रार्थनेत तेवढा राहिला, कारण देवाला ते ‘दाऊ’च म्हणतात. (देवाला ‘अरे-तुरे’ करण्याची चाल मराठीतही आहेच. आम्हा बौद्धांना त्या भानगडीत पडण्याचे कारण नाही.) म्हणजे आज इंग्रज माणूस झाडूवाल्याला ‘यू’ म्हणतो तेव्हा तो त्याला ‘तू’ म्हणत नसतो, इतिहासाप्रमाणे ‘तुम्ही’ म्हणत असतो. आमच्या शाळांत मात्र ‘यू म्हणजे तू’ असेच घोकून घेतले जाते. पुस्तकात एक ‘तू’ छापला की मुलाच्या डोक्यात तो कायमचा बसतो, आणि मग ‘यू’ शब्दाबरोबर बोलण्याचा सूरही ‘अरे-तुरे’चाच येतो.

पण सर्वांना ‘तुम्ही’ मिळाले म्हणून मानपानाचा हिशेब संपला असे नाही. तो दुसऱ्या बारीकसारीक शब्दांत जाऊन बसला. ते कोठे बसले आहेत हे इंग्रजी घरात जन्मलेल्याला आईच्या बोलण्यातून कळते. आपल्या पोरांना ते कोणीतरी दाखवावे लागते.

साधे पाणी मागायचे उदाहरण घ्या. मराठीत आपण ‘पाणी द्या’ म्हणतो. यात ‘कृपया’ नाही, ‘मेहेरबानी’ नाही, तरी कोणाला ते उद्धट वाटत नाही. कारण मान ‘द्या’ या रूपातच आहे. ‘दे’ आणि ‘द्या’ यांत एवढासाच फरक, पण त्या फरकावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माणसाची किंमत ठरली. आता हेच वाक्य मुलगा इंग्रजीत करतो: ‘गिव्ह मी वॉटर.’ शब्दाला शब्द बरोबर, व्याकरणाला धक्का नाही. पण वाटेत तो मान गळून पडला, आणि वाक्य ‘ए, पाणी दे’ असे होऊन बसले. इंग्रजीत क्रियापदाला मान लागत नाही, म्हणून तो वेगळा लावावा लागतो. ‘प्लीज’ लावला की ‘पाणी द्या’ होते. ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ म्हटले की ‘जरा पाणी मिळेल का?’ होते. ‘प्लीज’ म्हणजे आर्जव करणे, असा आमच्या एका विद्यार्थ्याचा समज होता आणि त्याला ते कमीपणाचे वाटे. “काका, पाणीच तर मागायचंय, भीक थोडीच मागायलोय,” असे तो म्हणाला. त्याचा बाणा आम्हाला आवडला. पण ‘द्या’मधली मान देणारी मात्रा म्हणजेच ‘प्लीज’, हे त्याला दाखवल्यावर त्याची हरकत राहिली नाही.

दुसरी गोष्ट भूतकाळाची. इंग्रजीत नम्रपणे विचारायचे तर ‘कॅन’चा ‘कुड’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो. ‘आय वॉन्ट’ऐवजी ‘आय वॉन्टेड टू आस्क’ असे म्हणतात. हवे आता आहे, मग भूतकाळ कशाला, असे मुले विचारतात. त्यांना आम्ही म्हणतो, तुम्ही स्वतः तलाठ्याकडे गेल्यावर काय म्हणता? “आण्णा, उताऱ्याची नक्कल पायजे होती.” पाहिजे ‘होती’! नक्कल तर अजून मिळालेली नाही, मग ‘होती’ कशी? ‘पाहिजे’ म्हटले की हट्ट वाटतो, ‘पाहिजे होती’ म्हटले की समोरच्याला थोडी जागा मिळते. काळ मागे सरकवला की शब्दाचा टोक बोथट होतो, ही युक्ती आपल्या मायबोलीलाही ठाऊक आहे. ‘जरा’, ‘तेवढं’ हे शब्दही तेच काम करतात. “तेवढं बघा की साहेब.” इंग्रजी शिकवताना आपल्या बोलीतले हे शहाणपण कोणी वापरत नाही. जणू काही सभ्यता म्हणजे परदेशातून आणण्याची वस्तू आणि आपली अणदूरची बोली म्हणजे नुसता रांगडेपणा.

मग येतात शब्दांच्या जोड्या. इंग्रजीत एकाच कामाला दोन-दोन शब्द असतात. सन १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यामुळे पुढची काही शतके दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच, धर्माची लॅटिन, आणि गोठ्यातली व स्वयंपाकघरातली तेवढी इंग्रजी, अशी वाटणी झाली. त्याची खूण आजही आहे. ‘आस्क’ घरातला, ‘रिक्वेस्ट’ कचेरीतला. ‘गेट’ घरातला, ‘रिसीव्ह’ कचेरीतला. ‘बाय’ आणि ‘परचेस’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्टन्स’, ‘नीड’ आणि ‘रिक्वायर’, ‘टेल’ आणि ‘इन्फॉर्म’ अशा कितीतरी. बी.कॉम.ला असताना ‘परचेस बुक’ आणि ‘बाय’ यांचा संबंध काय, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आपल्याला तर ही वाटणी फारच ओळखीची. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीत उर्दू, देवळात संस्कृत आणि शिवारात मराठी. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ‘दरखास्त’, ‘रुजू’, ‘तामील’ येते. ज्याला कचेरीची भाषा येत नाही त्याचे काम दुसऱ्याच्या हातात जाते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. निजामाची उर्दू गेली, इंग्रजी राहिली.

पण येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जड शब्द वापरला म्हणजे भाषा सभ्य होते, हा गैरसमज आमच्या कारकुनी जातीने फार पसरवला आहे. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्य आम्ही हजारो कागदांवर पाहिले. ‘योग्य ते करावे’ एवढाच त्याचा अर्थ. नेमके काय करावे हे अर्जदाराने लिहिलेले नसते, म्हणून साहेबही काही करत नाही. खुद्द इंग्लंडातही हा रोग होता. तेथल्या सरकारी नोकरांनी सोपे लिहावे म्हणून सर अर्नेस्ट गॉवर्स या अनुभवी अधिकाऱ्याकडून एक छोटे पुस्तक लिहून घेण्यात आले. ते १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्स’ या नावाने निघाले. इंग्रजांनी जुने झाले म्हणून टाकून दिलेले कपडे आपण अजून सणासुदीला घालतो आहोत.

त्या जुन्या कपड्यांतला सर्वांत वाईट कपडा म्हणजे ‘बेग’. ‘आय मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट...’ ही सुरुवात अजून कित्येक मुलांच्या वहीत आहे. ‘मी अत्यंत लीनपणे व आदरपूर्वक निवेदन करण्याची भीक मागतो’, असा त्याचा शब्दशः अर्थ. न्यायाने सांगायचे तर इंग्रज व्यापारीही एकमेकांना ‘आपले पत्र पोचल्याचे कळविण्यास बेग करतो’ असे लिहीत असत. इंग्रज अधिकारी एकमेकांना ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशी सही करत. दोघे बरोबरीचे असले तर हा नुसता शिष्टाचार. पण हिंदुस्थानातल्या गरीब रयतेने तेच वाक्य लिहिले तर तो शिष्टाचार राहत नाही, तो कंबरेत वाकणे होते. शब्द तोच, कोण कोणाला लिहितो यावर त्याचा भाव ठरतो. आणि आपल्या समाजाला तर कंबरेत वाकण्याचा अनुभव आधीच पुरेसा होता. गावात वरच्यांना ‘जोहार’ घालायचा, चावडीसमोर ‘मायबाप’ म्हणायचे. ज्या वतनापायी हे सारे करावे लागे, त्या वतनदारांची महार-मांग वतनदार परिषद १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाली. पुढे जोहार गेला आणि ‘जयभीम’ आला. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी तो रूढ केला. जोहार एकाने घालायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा असे. जयभीमला उत्तर जयभीमच. एका शब्दाच्या बदलाने माणसाची मान केवढी ताठ होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? आणि तरी आपलीच नातवंडे इंग्रजीत पुन्हा जोहार घालताना दिसतात, कारण त्या जोहाराला ते ‘चांगले इंग्रजी’ समजतात.

नम्र असावे, पण वाकू नये, हे पत्रात कसे साधते ते पाहायचे असेल तर बाबासाहेबांचा लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाशी झालेला १९३६ सालचा पत्रव्यवहार वाचावा. मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, मग भाषणातला मजकूर खटकला म्हणून बदल सुचवले. बाबासाहेबांनी पत्राची रीत कोठेही सोडलेली नाही. शिवी नाही, आकांडतांडव नाही. पण एका अक्षराचा बदलही मान्य केलेला नाही. शेवटी परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून काढले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती होत्या. तोच हा ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ ग्रंथ, आणि हा पत्रव्यवहार त्याच्या आरंभीच छापलेला आहे. आमच्या मते दहावीच्या पुढच्या प्रत्येक मुलाने तो पत्रलेखनाचा धडा म्हणून वाचावा. पत्रलेखनाचा असा धडा पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

आता कोणी म्हणेल, आपण समतावादी, मग हा मानाचा खटाटोप हवाच कशाला? सगळ्यांना सरसकट एकच बोलावे. भगवान बुद्धांनी याचे उत्तर फार सुंदर दिले आहे. संघात भिक्खू एकमेकांना सरसकट ‘आवुसो’ म्हणत असत, म्हणजे मित्रा. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी सांगितले की, आपल्यानंतर असे न करता ज्येष्ठ भिक्खूने कनिष्ठाला नावाने किंवा ‘आवुसो’ म्हणून बोलवावे आणि कनिष्ठाने ज्येष्ठाला ‘भन्ते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे. म्हणजे मान राहिला. पण ज्येष्ठ कोण? उच्च कुळात जन्मलेला नव्हे, आधी दीक्षा घेतलेला. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपालि न्हावी होता. त्या राजपुत्रांनी विनंती केली की आधी उपालिला दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. राजपुत्र खाली आणि न्हावी ‘भन्ते’! मान काढून टाकला नाही, जन्माकडून काढून घेतला. सम्यक वाचेतही कठोर वाणी टाळायला सांगितले आहे. जी-हुजूर करायला कोठेही सांगितलेले नाही.

आमच्या पाहण्यातले एक कार्यालय आहे. तेथले एक अधिकारी आमच्याशी इंग्रजीत बोलतात तेव्हा ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ सोडून वाक्य नसते. त्याच दमात ते सफाई कामगाराला मराठीत हाक मारतात, “ए, इकडं ये रे.” तो माणूस वयाने त्यांच्या वडिलांएवढा. इंग्रजीतली सभ्यता त्यांनी पुस्तकातून घेतली आणि मराठीतले ‘ए’ घरातून. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, ‘कुड’ आणि ‘वुड’ जरूर शिका, पण आपल्या वस्तीत कचरा उचलायला येणाऱ्या बाईला आधी ‘मावशी, या’ म्हणायला शिका. पहिल्या रविवारी आम्ही ‘यू’चा धडा घेतला त्या दिवशी निम्मा वेळ यातच गेला, आणि आम्हाला तो वाया गेला असे वाटत नाही.

सरकारी कागदात आणखी एक जोडी फार महत्त्वाची आहे: ‘शॅल’ आणि ‘मे’. ‘मे आय कम इन, सर?’ असे आपले प्रत्येक लेकरू शाळेच्या दारात उभे राहून विचारते. परवानगी मागण्याचा तो शब्द. कायद्यात हाच ‘मे’ आला की ‘करू शकेल’ असे होते, म्हणजे केले तर केले. ‘शॅल’ आला की सहसा ‘करील’, ‘करावेच लागेल’. संविधानाच्या कलम १७ मध्ये अस्पृश्यतेमुळे कोणावर निर्बंध लादणे हा शिक्षापात्र अपराध ठरवला आहे, तेथे ‘शॅल’ आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा घ्या. नागरिकाने माहितीसाठी ‘रिक्वेस्ट’ करायची, म्हणजे विनंतीच. पण ती का हवी याचे कारण सांगण्याची गरज नाही, आणि अधिकाऱ्याने ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचे, हे ‘शॅल’ने बांधलेले आहे. आपण विनंती करतो, त्यांच्यावर बंधन येते. हे ज्याला कळले तो ‘रिक्वेस्ट’ लिहिताना लाजणार नाही आणि ‘बेग’ही लिहिणार नाही. मराठीतही एका शब्दाने काय होते हे मराठवाड्याने पाहिले आहे. आपण ‘नामांतर’ मागितले. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. आणि १४ जानेवारी १९९४ ला मिळाला तो ‘नामविस्तार’. त्या दोन शब्दांमधल्या सोळा वर्षांत घरे जळली, माणसे गेली. शब्दात काय ठेवले आहे, असे म्हणणाऱ्याने मराठवाड्यात येऊन म्हणावे.

अर्जाच्या मायन्याबद्दल थोडे. ‘डिअर सर’ लिहायला मुले कचरतात. ‘डिअर’ म्हणजे प्रिय, साहेबाला प्रिय कसे म्हणायचे? म्हणून ‘रिस्पेक्टेड सर’ लिहितात. आपल्या देशात ते चालते, कोणी परत पाठवत नाही. पण ‘डिअर सर’मध्ये प्रेमाचा काही संबंध नाही, तो नुसता रिवाज आहे. त्याखाली ‘युअर्स फेथफुली’ येते. नाव माहीत असून ‘डिअर मिस्टर अमुक’ लिहिले तर ‘युअर्स सिन्सिअर्ली’. ‘युअर्स ओबिडिअंटली’ म्हणजे आपला आज्ञाधारक. ते शाळेतल्या गुरुजींपुरते ठीक. बँकेचा व्यवस्थापक आपला गुरुजी नव्हे, आणि आपण त्याच्या आज्ञेत नाही.

हे बँकेचे आम्ही उगाच म्हणत नाही. वस्तीतली एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे खात्यात आले नाहीत. आधारची जोडणी अडकली होती. शाखेत विचारले की वरती कळवा म्हणत. वरती म्हणजे दुसऱ्या राज्यात, तेथे मराठी चालत नाही. पोरगी चिडलेली. तिने लिहिले होते: ‘व्हाय यू आर नॉट गिव्हिंग माय मनी? आय वॉन्ट इट फास्ट.’ तिचे आजोबा म्हणाले, असे लिहू नये, साहेबलोक रागावतील. त्यांनी सांगितलेला मजकूर तिने दुसऱ्या कागदावर उतरवला होता. त्यात ‘मी गरीब विद्यार्थिनी असून आपण दयाळू आहात’ अशी सुरुवात आणि ‘आपले उपकार विसरणार नाही’ असा शेवट. दोन्ही कागद घेऊन ती रविवारी विहारात आली.

दोघांचेही काही चुकीचे नव्हते, असे आम्हाला वाटते. आजोबांनी ज्या काळात अर्ज केले त्या काळात दया हाच रस्ता होता. नातीला हक्क ठाऊक आहे म्हणून ती चिडली. पण शिष्यवृत्ती ही कोणाच्या दयेची वस्तू नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली आहे. म्हणून ‘पुअर’, ‘काइंड’, ‘फेवर’ हे तीन शब्द आम्ही काढले. ‘गिव्ह’ काढला, तेथे ‘क्रेडिट’ घातला, कारण खात्यात पैसे जमा होणे याला बँकेचा शब्द तोच आहे. ‘व्हाय यू आर नॉट’ याच्या जागी ‘द अमाउंट हॅज नॉट बीन क्रेडिटेड’ असे केले. त्यात कोणावर बोट नाही, पण गोष्ट उघडी पडते. ‘फास्ट’ काढून तारीख घातली. ‘आय ॲम एनटायटल्ड टू धिस स्कॉलरशिप’ हे वाक्य तिने स्वतः सुचवले, आणि ‘एनटायटल्ड’चे स्पेलिंग तिला न बघता येत होते. ‘प्लीज इन्फॉर्म मी इन रायटिंग’ हे आमचे. ‘प्लीज’ ठेवायचा की नाही यावर वर्गात बराच वाद झाला. मुलांनी मते घेतली आणि ‘प्लीज’ दोन मतांनी राहिला. आजोबांना सबंध पत्र मराठीत वाचून दाखवले. ते म्हणाले, “यात पाया पडल्यालं कुठंच न्हाई की.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “आन् भांडण बी न्हाई.”

पत्र ई-मेलने गेले. त्याची एक छापील प्रत सोमवारी तिने शाखेत नेऊन दिली, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सहीसह पोच घेतली. पोच द्यायला तेथला माणूस आधी तयार नव्हता. ती म्हणाली, “कुड यू प्लीज साइन हिअर, सर?” आणि कागद पुढे धरून उभी राहिली.